शेवग्याच्या शेंगेचं हाड

"भोपळा आहे गो तो! भोपळा!"

"भोपळा तुमच्या स्टुडिओत, बाबा. पडद्यावर माणसाचं डोकं आहे."

"माणसाचं कुठलं? रंगवलेलं डोकं! कार्टून आहे ते. रक्तसुद्धा निळं दाखवलंय."

"हो का? निळं असलं की मग चालतं?"

"अगो, पण तिला माहितीय सगळं. कुठल्या बुक्कीला कोबी, कुठल्या लाथेला ओली गोणी—"

"ती नऊ वर्षांची आहे. पोस्टरच्या कोपऱ्यात तेरा लिहिलंय. चार वर्षांनी न्या, मी स्वतः डबा बांधून देते."

"चार वर्षांनी सिनेमा असेल, मी असेन कशावरून?"

"झालं! काढलं हुकमाचं पान!" मेघनाने डब्याचं झाकण एवढ्या जोरात दाबलं की धुरीकाकांचे कान आपोआप टवकारले. झाकणाचा आवाज चांगला होता. पण ही वेळ कौतुकाची नव्हती.

लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दीड खोलीत, शनिवारी सकाळी हे चाललं होतं. सासरे दारात पिशवी घेऊन उभे, सून ड्यूटीला निघालेली, आणि मध्ये वैभव, एकाचा मुलगा आणि दुसरीचा नवरा, मोबाइलमध्ये मान घालून बसलेला.

"वैभव, तू सांग हिला."

"वैभव, तू सांग त्यांना."

"मला विचाराल तर दोघांचंही बरोबर—"

"तू गप्प बस!" दोघं एका सुरात म्हणाले. त्या घरात सकाळपासून झालेलं हे पहिलं एकमत.

गणपत धुरींचा धंदा काय, हे कुणाला सांगून पटत नाही. सिनेमाच्या लाइनीत त्याला फॉली म्हणतात, चाळीत धपाधपी. पडद्यावरचा माणूस चालतो तेव्हा काका स्टुडिओत चालतात. तो जिना उतरतो, काका लाकडी खोक्यावर पाय आपटतात. तो मार खातो, तेव्हा काका कोबी बडवतात. बाप गिरणीत साचे चालवायचा. पोरगा मात्र संध्याकाळी कामगारांच्या नाटकांत विंगेत उभा राहून पत्रा हलवायचा आणि करवंट्यांचे घोडे दौडवायचा. गिरणी बंद पडली तेव्हा घरातल्या बाकीच्यांच्या हातचं काम गेलं, याच्या हातात करवंट्या राहिल्या. त्या घेऊन तो अंधेरीला गेला. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली.

चाळीस वर्षांत काकांच्या कानाला एक खोड जडली. कुठलीही वस्तू ते आधी ऐकतात, मग बघतात. तिसऱ्या मजल्याच्या जिन्याची वरून चौथी पायरी करकरते. बाकीचे ती टाळून चढतात-उतरतात, काका खूश असले की तिच्यावर थांबतात, टाच फिरवतात आणि एक लांबलचक करकर काढतात. मग वरच्या मजल्यावर चहाचं आधण चढतं. पायरी वाजली नाही, तर समजावं की स्वारी बिनसलेली आहे.

कामाची भाजी ते वाया जाऊ देत नाहीत. घरी आणतात. "वज्रपंख" नावाच्या या नव्या सिनेमात नायकाने अठराजणांना लोळवलं, तेव्हा धुरींच्या घरी आठवडाभर कोबी होता. भाजी, भानोळी, मग पुन्हा भाजी. पाचव्या दिवशी नात श्रेयाने ताटात बघून विचारलं होतं, "आजोबा, हा कितवा माणूस?"

तर या वज्रपंखाने घरात भांडण लावलं. उद्या, रविवारी, परळच्या मॉलमध्ये, सिनेमात काम करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पहिला खेळ होता. काकांना चार पास मिळाले होते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पडद्यावर त्यांचं नाव येणार होतं. एवढ्या सिनेमांत शेवटच्या यादीत गाड्या हाकणाऱ्यांची नावं यायची, चहावाल्याचं यायचं, काकांचं राहून जायचं. या वेळी दिग्दर्शक तिशीतला, त्याने स्वतः फोन केला. "काका, नाव कसं लिहू?" काकांनी तासाभराने उलट फोन करून सांगितलं, "गणपत बाबाजी धुरी. बाबाजी गाळू नकोस."

आणि ते नाव श्रेयाने मोठ्याने वाचावं, एवढंच त्यांना हवं होतं. वैभव शाळेत असताना बापाचं काम विचारलं की पुटपुटायचा, "सिनेमात असतात." नात मात्र पहिलीपासून बाईंना ठणकावून सांगत आलेली, "माझे आजोबा हाडं मोडतात!"

ती शेजारी नसेल, तर नाव आलं काय आणि न आलं काय.

मेघनाची बाजूही हवेतली नव्हती. परळच्या एका इस्पितळात ती एक्स-रे काढते.

"दिवाळीपासून तिसरा आला काल," चपला चढवता चढवता ती म्हणाली. "सहा वर्षांचा. गळ्यात टॉवेल बांधला आणि माळ्यावरून उडी. मनगटाचे दोन तुकडे. मी म्हटलं, बाळा, लागेल असं वाटलं नाही तुला? तर म्हणाला, 'त्याला कुठे लागलं होतं?' कुणाला, विचारा."

काका पिशवीचे बंद गुंडाळू लागले.

"तुमच्या कोबीवर माझा राग नाहीये, बाबा. पण ती मुलं माझ्याकडे येतात, तुमच्याकडे नाही." आणि ती गेली.

काका भाजीगल्लीत गेले. नाक्यावरची लक्ष्मी त्यांना बघून शेंगांची जुडी पुढे करत म्हणाली, "काका, आज खायला की मोडायला?"

"मोडायला." काकांनी एक शेंग कानाशी धरून जराशी वाकवली. "ही नको. जून आहे. म्हाताऱ्याचं हाड वाटतं. मला तरणं हाड दे."

"सकाळी सकाळी काय बोलता! गिऱ्हाइकं पळतील माझी."

मग काकांनी तिला सगळं सांगितलं. आपण आज संध्याकाळी सुनेसमोरच गॅलरीत खेळ करणार, पोरीला दाखवणार की ही सगळी भाजी आहे, ती खदाखदा हसणार आणि सून गप्प होणार.

लक्ष्मीने मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत विचारलं, "म्हणजे पोरगी घाबरणारच नाय?"

"अजिबात नाय!"

"मग काम कच्चं झालं म्हणायचं का, काका?"

"कच्चं? माझं?" काका एवढे तडकले की पिशवी तिथेच विसरून निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले.

संध्याकाळी पाच वाजता गॅलरीत सतरंजी पसरली. मजल्यावरची सात-आठ मुलं मांडी घालून बसली, सगळ्यांत पुढे श्रेया. वैभवने टॅबवर सिनेमाची जाहिरात लावली आणि आवाज बंद केला. काकांपुढे पाटावर कोबी, शेवग्याच्या शेंगा, एक तांबडा भोपळा आणि ओला टॉवेल.

मेघना ड्यूटीवरून आली ती पर्स खांद्यावर ठेवूनच कठड्याला टेकली.

"करा सुरू," ती म्हणाली. "मीही बघते."

वज्रपंख पडद्यावर उतरला. काकांनी ओला टॉवेल झटकला, पंख फडफडले. पहिली बुक्की, कोबी. दुसरी बुक्की, कोबी. तिसऱ्या बुक्कीला कोबीचं पान उडून वैभवच्या चष्म्यावर बसलं आणि गॅलरी फुटली. मुलं लोळायला लागली. खलनायकाचा हात पिरगळला, काकांनी शेंग मोडली, "मोडला, मोडला!" असा गजर झाला. भोपळा फुटला तेव्हा तर शेजारच्या रमाबाई आतून ओरडल्या, "अरे, अर्धा मला ठेवा, उद्या घारगे करीन!"

काकांनी घाम पुसला आणि विजयी नजरेने सुनेकडे पाहिलं. मेघनाही हसत होती. हसणं तिलाही आवरलं नव्हतं.

"बघितलंस? कोण घाबरलं?"

"कुणी नाही," मेघना म्हणाली. "पण मॉलमध्ये भाजी दिसत नाही, बाबा."

काका काही बोलणार, तेवढ्यात श्रेयाच उठून त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आजोबा, परत कर. आता मी डोळे मिटते. मला तुझी भाजी नको बघायला. नुसता आवाज."

खरं तर काकांना इथे थांबता आलं असतं. शेंगा संपल्या, असं सांगता आलं असतं. पाटावर एक उरली होती, सकाळी कानाला लावून निवडलेली, तरणी. लक्ष्मीचा तो शब्द डोक्यात वळवळत होता. कच्चं. त्यांनी शेंग ओल्या टॉवेलात गुंडाळली. अंधेरीत गुंडाळतात तशी, कारण हाडावर मांस असतं. पोरं पुढे सरकली. काकांनी आधी नुसता टॉवेल पिळला, हळू, ताणत, श्रेयाचा श्वास अडकेपर्यंत. आणि मग मोडली.

श्रेया ओरडली नाही. तिने उजव्या हाताने आपलं डावं मनगट घट्ट धरलं आणि मान खांद्यांत ओढून घेतली. पाठीमागचा एक छोटा तर आईला हाक मारत पळाला.

चाळीस वर्षं काका स्टुडिओतल्या काचेच्या अलीकडे काम करत आले. पलीकडे ऐकणाऱ्या माणसाचं काय होतं, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. असली दाद जन्मात मिळाली नव्हती. त्यांचा चेहरा फुलून आला, आणि तेवढ्यात त्यांना मेघनाचा चेहरा दिसला.

मेघना "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असं काही म्हणाली नाही. ती खाली बसली, श्रेयाचं मनगट हातात घेतलं, आणि म्हणाली, "भारी काम केलंत, बाबा. रोज बघते ना मी. अगदी असंच वाटतं."

श्रेयाने एक डोळा उघडला. "आजोबा, मग तो रडतो का?"

"कोण?"

"ज्याचा हात मोडला तो."

"नाही गो. तो पडतो बाजूला. पुढचा येतो मार खायला."

"मग त्याच्या रडण्याचा आवाज कोण करतं?"

"कोण नाय. त्यांनी मागितलाच नाही."

"आणि एक्स-रे?"

"एक्स-रेसुद्धा नाही," काका पडेल आवाजात म्हणाले.

"अठराजणांचे हात-पाय मोडले आणि एकालासुद्धा प्लास्टर नाही?" श्रेया कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आई, तुझ्याकडे नको का यायला त्यांनी?"

"आले तर रांग गेटपर्यंत जाईल," मेघना म्हणाली, आणि सगळी गॅलरी पुन्हा हसली. छोटाही आईच्या मागून डोकावून हसला.

"मग असं करू," श्रेयाने निकाल दिला. "तुझं नाव शेवटी येतं ना? मी आणि आई बाहेर पॉपकॉर्न खातो. मारामारी संपली की बाबा दार उघडेल. मी आत येऊन नाव वाचते. मोठ्याने."

"दार मी धरतो," वैभव घाईने म्हणाला. दिवसभरात त्याला जमेल असं हे पहिलंच काम निघालं होतं.

"नाव वाचायचं आणि काम बघायचंच नाही?" काका म्हणाले, पण जोर गेला होता.

"बाबाजी पण वाचेन," श्रेया म्हणाली.

काका खाली वाकले. कोबीची पानं गोळा करायला लागले. मेघनाही वाकून गोळा करू लागली. एक पान पातेल्यात टाकताना तिने मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "एक सांगाल, बाबा? ती दचकली तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी. तुम्हाला आनंद झाला ना?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. मग श्रेयाकडे. ती टॉवेलात गुंडाळलेली शेंग सोडवून नाकाला लावून बघत होती.

त्यांनी भोपळ्याचा अर्धा भाग रमाबाईंच्या दारात ठेवला, रिकामी पिशवी खांद्यावर टाकली आणि जिन्याकडे निघाले. गॅलरीत सगळे कान देऊन उभे राहिले. एक पायरी, दुसरी, तिसरी. मग जरा वेळ काहीच नाही. आणि मग चौथी पायरी वाजली, हळूहळू, टाच फिरवून, पुरती लांबवून.

मेघना आधण ठेवायला आत गेली.