भरपाई कोणाला

रविवार, ८ फेब्रुवारी. रक्कम वीस अब्ज डॉलर. हजर: मी, माझी बायको आणि सौंदडहून आलेले तिचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे साळेबुवा. रक्कम माझ्या मुलीच्या वहीतली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीकडून घ्यायच्या भरपाईची. मुलगी आतल्या खोलीत तेच पाठ करत होती. आमची बैठक तिच्याबद्दल होती. स्पर्धा परीक्षेत ती दुसऱ्यांदा राहिली होती आणि साळेबुवांनी आमगावचं एक स्थळ आणलं होतं.

दहापासून बसलो होतो. एप्रिलात लग्न, हे जवळजवळ ठरलं होतं. तरी मला एका जागी बसवेना. तीनदा उठून पाणी प्यालो. हातात तिची वही होती आणि त्यातला हिशेब जुळत नव्हता. जिंकलेले देश बैठकीला बसले तीन, हरलेल्या देशाचे वाटे मात्र चार. मी तिला हाक मारली.

"चौथा फ्रान्स, बाबा. त्याचा वाटा इंग्लंड-अमेरिकेनं आपल्यातून काढून दिला," ती दारात येऊन म्हणाली.

"आणि हे वीस अब्ज? तो देश किती देऊ शकतो, हे आधी मोजलं होतं?"

"नाही. आकडा आधी आला. त्यातला अर्धा रशियाचा. आणि आकडाही चर्चेपुरताच."

हे मला पटेना. अवकाळीनं धान झोपलं तर तलाठीसुद्धा आधी बांधावर येतो, रक्कम नंतर ठरते.

साळेबुवांनी 'भरपाई' तेवढी ऐकली होती. "बराबर हाय. बाम पडले, घरं पडली. भरपाई भेटाचीच त्याले."

"उलटं आहे, मामाजी. हरलेल्यानंच द्यायची."

"घर त्याचंच पडलं अन् भरपाईबी त्यानंच द्याची? कोन्त्या तलाठ्यानं केला हा पंचनामा?"

बायकोला हसू आवरेना. मुलगीही हसली. निकालानंतर पहिल्यांदाच.

"मंग तो काऊन काही बोलला नाही?"

"त्याला बैठकीला बोलावलंच नव्हतं, मामाजी."

साळेबुवांनी दारातल्या भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊजी, पोरीले खुर्ची द्या न जी. कायले उभी ठेवली?"

मी माझीच खुर्ची दिली. मला तशीही ती नको होती.

बसल्याबरोबर तिनं विचारलं, "होकार कळवला का?"

"नाही अजून."

"मग कळवू नका. मला आणखी एकदा बसायचंय. अभ्यास गोंदियाला, अभ्यासिकेत. घरी होत नाही."

"आणि पुन्हा राहिलीस तर?" मी विचारलं.

"तर पुढचं मी ठरवीन. तुम्हाला बोलावीन."

"घ्या! वकीलच हाय हे," साळेबुवा म्हणाले आणि स्थळवाल्यांना नाही म्हणून फोन करायला अंगणात गेले.

माझी धाकधूक अजून गेलेली नाही. सोमवारी सहा महिन्यांचे चार हजार दोनशे रुपये अभ्यासिकेच्या मालकाला दिले. पावती मुलीच्या नावाची.