उताराबाईंची चिनी मुलं

कागद हाती आला की उताराबाई तो वाचायच्याच, आणि वाचून झाला की समोरच्याला प्रश्न विचारायच्या. लग्नपत्रिकासुद्धा सुटायची नाही. "वाचलीस? आता सांग, घाई मुलाकडच्यांना की मुलीकडच्यांना?" गोव्यात पेडणे तालुक्यातल्या धारगळच्या शाळेत त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं, पण आमच्या लक्षात राहिले ते त्यांचे उतारे. म्हणून हे नाव. तोंडावर अर्थात बाईच.

निवृत्तीनंतर बाईंकडे कोणी फिरकेना. पोरं म्हापशाच्या क्लासला जाऊ लागली. मी तेव्हा घरून एका कंपनीचं काम करायचो. चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांसाठी इंग्रजी उतारे आणि त्यांवरचे प्रश्न जमवायचं काम. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "चीनची पोरं? आणि पेडण्याचं इंग्रजी? बरं आसा!" आणि दुसऱ्याच दिवशी लिहायला बसल्या.

दर सोमवारी मी उतारा न्यायला जायचो. खाली प्रश्न, त्याखाली उत्तरं, सगळं वळणदार अक्षरात. तिकडचे शिक्षक मुलांची काही उत्तरं पाठवायचे. बरोबर उत्तरांकडे बाई ढुंकूनही बघत नसत. "चुकलेली दाखव रे. पोर कुठून गेलं ते चुकीतच कळतं."

एका उताऱ्यात मांद्र्याची एक विधवा होती. हंगामात ती स्वतःची खोली पर्यटकांना देते आणि स्वयंपाकघरात झोपते. का? एका मुलीने लिहिलं होतं, तिथून पाहुणे आल्याचं ऐकू येतं, तिला सोबत वाटते. बाई आधी हसल्या, मग ते उत्तर परत वाचू लागल्या. "चूक हां. पण बाईमाणूस ओळखलंन पोरीनं. माझ्या नाय आलं लक्षात." तो कागद त्यांनी जपून ठेवला.

मग कंपनीने उतारे संगणकाकडूनच लिहून घ्यायचं ठरवलं. बाईंना हे सांगायचं माझ्या जिवावर आलं. आज सांगू, उद्या सांगू करत मी उतारे नेत राहिलो आणि मुलांची उत्तरं घरी बसून स्वतःच लिहू लागलो. कसली दया म्हणायची ही! भित्रेपणा नुसता.

दोन महिन्यांनी बाईंनी कागद चाळले आणि चष्मा काढला.

"आठ उतारे झाले. एक पण पोर चुकलं नाय?"

"तुमच्यामुळे हुशार झाली, बाई."

"माझ्या वर्गात असं कधी झालं नाय रे. काय झालं, खरं सांग."

"खरंच सांगतो."

त्यांनी कागदांची घडी घातली. मग "चहा घे, निवतोय," एवढंच म्हणाल्या. पुढच्या सोमवारी उतारा नव्हता. डोळे दुखतात म्हणाल्या. मी मेल्याने मनात सुटकेचा श्वास टाकला. चतुर्थीच्या आधी बाई गेल्या.

कंपनीचं सोडा, कंपन्या अशाच. मला जाळतं ते वेगळंच. खोटी उत्तरं लिहायला मला उतारे वाचावेच लागले नव्हते. खाली बाईंच्या हातची उत्तरं होती, तीच मी फिरवून उतरवत होतो. बाईंना वाचणारं कोणी हवं होतं, आणि मी दर सोमवारी समोर बसून चहा पिऊन उठत होतो.

परवा ते आठही उतारे काढले. खालची उत्तरं झाकून, एकेक ओळ नीट वाचून सोडवले. तीन प्रश्न चुकले. बाईंना ते केवढ्या खुशीने दाखवले असते.