ढब्बूची चिमूट

शिवणाच्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत. शर्टाची काजं, म्हणजे बटणांची घरं, तिच्याइतकी बारीक कुणी शिवत नसे. दिवसभर मान मोडून काम करायचं आणि संध्याकाळी घराकडे पळत सुटायचं, कारण घरी तिचं दहा महिन्यांचं पोर होतं, ढब्बू. आणि ढब्बू असायचा वन्संच्या मांडीवर.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. दिवसा ढब्बूला त्याच सांभाळायच्या, खोटं कशाला बोला. पण काजवालीनं त्याला भरवायला वाटी उचलली रे उचलली, की हिसकावून घ्यायच्या. "राहू दे गं, दमली असशील. विश्रांती घे." तोंडात साखर घोळवत पोराचे दोन्ही हात काखेत दाबायच्या आणि चमचा कोंबायच्या. एकदा तर चुलतसासूंसमोर म्हणाल्या, "आईचा घास थुंकतो हो हा! कमावत्या बायकांना पगार मिळतो, पोर नाही मिळत."

चुलतसासू खुदकन हसल्या. काजवालीनं मान खाली घातली आणि मनात गाठ मारली.

कारखान्याला लागूनच एक पाळणाघर होतं. तिथल्या बाईंची अट एकच. "मूल आपल्या हातानं खाणारं हवं. भरवत बसायला मला काय आठ हात आहेत?"

म्हणजे ढब्बू हातानं खायला लागला, की वन्संच्या मांडीवरून उठलाच. तिनं देवाला हात जोडले आणि कामाला लागली.

सुट्टीच्या दिवशी वन्सं बाजाराला गेल्या, की ती ढब्बूला मोरीत पाटावर बसवायची आणि स्वतः समोर बसायची. बटाटा, गाजर अगदी मऊ उकडून, त्याच्या मुठीत मावतील असे लांबट तुकडे पुढ्यात ठेवायची. पहिल्या दिवशी बटाटा केसांत गेला. मग कानात. गाजर तर तिच्याच नाकाला फासलं. तिचे हात शिवशिवायचे, पण ती ते मांडीखाली दाबून बसायची. याचा हात धरला तर आपल्यात आणि वन्संत फरक काय? एकदा तुकडा मोठा झाला, त्याला उमासा आला. ती हात पुढे करणार, तोच त्यानं तुकडा आपणच थुंकला आणि हसला.

"खा माझ्या राजा," ती म्हणायची, "आत्याची वाटी पालथी घाल."

मग मोरी धुवायची, पोर धुवायचं.

"आज अगदी चकचकीत दिसतोय गं!" वन्सं म्हणायच्या.

"पाण्यात खेळला ना, वन्सं."

हळूहळू मुठीची चिमूट झाली. काजातून दोरा ओढताना जुळतात तसे त्याचे अंगठा आणि बोट जुळले. तिनं तेव्हाही कुणाला सांगितलं नाही. चुलतसासूंची वाट पाहिली.

त्या आल्या. वन्संनी सवयीनं ढब्बूला मांडीवर ओढलं आणि चमचा पुढे केला. काजवालीनं उकडलेल्या बटाट्याची ताटली समोर सरकवली. ढब्बूनं काखेतून हात सोडवला, चमच्याला एक फटका दिला. पेज वन्संच्या मांडीवर. मग ऐटीत चिमूट करून तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"अगंबाई!" चुलतसासू म्हणाल्या. "हा तर आपल्या हातानं जेवतो! आणि तू चमचा घेऊन कशाला नाचतेस गं?"

वन्संचा चेहरा उतरला. "कुणी शिकवलं याला?"

"कमावत्या बाईनं. उद्यापासून माझ्याबरोबर येतोय, पाळणाघरात."

"आणि मी? मी दिवसभर काय करू?"

आवाज कापरा होता. काजवालीला तो ऐकू आला. आला म्हणून काय झालं?

"विश्रांती घ्या ना, वन्सं. दमला असाल."

मग तिनं ताटलीतला एक तुकडा उचलून ढब्बूच्या तोंडाशी नेला. त्यानं मान फिरवली, तिचाही हात ढकलला आणि दुसरा तुकडा आपला आपण उचलला. हातातला तुकडा तिनं स्वतःच्या तोंडात टाकला. पोरासाठी केलेला, त्यात मीठसुद्धा नव्हतं. पण असा चविष्ट बटाटा तिनं जन्मात खाल्ला नव्हता.