लंगडी घालणारा बिबट्या

शेजारी छताचं काम निघालंय. ओल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वासाने मला खडवलीचा नदीकाठ आठवला. शाळेची मुलं घेऊन मी तिथे शिबिराला गेलेले. प्राण्यांच्या पावलांचे ठसे ओळखायला शिकवायला ठाण्याहून एक तज्ज्ञ आलेले. डोक्यावर शिकाऱ्याची टोपी, गळ्यात दुर्बीण आणि तोंडी सतत स्वतःचेच पराक्रम. गाळातल्या ठशांची ओळ दाखवून ते कुजबुजले, "बिबट्या! पहाटेच गेलाय." मुलं श्वास रोखून वाकली. चौथीतली एक मुलगी मात्र उकिडवी बसून एकेका ठशावरून बोट फिरवत राहिली. "सर, प्रत्येक ठशाचं हेच बोट तुटकं आहे. हा एकाच पायावर लंगडी घालत गेला का?" तेवढ्यात मला तज्ज्ञांच्या उघड्या पिशवीत प्लास्टरचा पंजा दिसला, एक बोट तुटलेला. "जखमी असेल," ते खेकसले, "फार शहाणपणा नको." मुलं तिला हसली. तिने माझ्याकडे पाहिलं. शिबिराची व्यवस्था माझी, वर मुख्याध्यापकांना काय सांगणार? "सर सांगतात ते लिही गं," मी म्हणाले. तिने मान खाली घालून 'जखमी बिबट्या' असं लिहिलं. त्या टोपीवाल्या ढोंग्याची मला आजही किळस येते. पण तिच्या वहीत ते खोटं मी लिहायला लावलं, त्याने नाही.