कुंकू लागलेला फील्ड टेलिफोन

शनिवार, २४ ऑक्टोबर १९८७, सकाळचे सहा चाळीस. इलिनॉयमधल्या शॉमबर्गला, घराच्या बेसमेंटमध्ये राजाराम घैसास टेलिफोनच्या पेट्यांतले सेल काढत होते. सेल आत राहिले की पाझरतात आणि पत्रे खातात. टेबलावर दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी सैन्याचे फील्ड टेलिफोन रांगेत मांडलेले होते. प्रत्येकाची लाकडी पेटी, बाजूला फिरवायचं हँडल, आत काळा रिसीव्हर.

दहा वाजता फोर्ट वेनचा संग्राहक वॉल्टर हेनिग ते न्यायला येणार होता. घर विकलं गेलं होतं. महिनाअखेरीला राजाराम ओहायोत, डब्लिनला, मुलीच्या अपार्टमेंटमध्ये राहायला जाणार होते. मागच्या फळीवरचा एक टेलिफोन मात्र त्यांना द्यायचा नव्हता. वॉल्टरला हे अजून सांगितलेलं नव्हतं.

पहिला टेलिफोन त्यांना १९७९ साली एका फ्ली मार्केटमध्ये मिळाला. विकणाऱ्याला त्यावरची पितळी पट्टी वाचता येत नव्हती. राजाराम टेलिफोन उपकरणांच्या चाचणी विभागात होते. तिथल्या एका जपानी सहकाऱ्याने त्यांना आकडे शिकवले. पट्टीवर सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. त्यात पंचवीस मिळवले की इसवी सनाचे शेवटचे दोन आकडे येतात. लहानपणापासून पंचांगातल्या शकात अठ्ठ्याहत्तर मिळवत आलेल्या माणसाला हे जड नव्हतं. पुढे ते पट्टीआधी स्क्रू बघू लागले. पट्टी बदललेली असली की स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या दिसतात.

पण टेलिफोन खरा आहे एवढ्याने भागत नाही, तो बोलतो का तेही बघावं लागतं, आणि ते एकट्याने होत नाही. म्हणून बेसमेंटपासून किचनपर्यंत त्यांनी तार ओढली. वरच्या टोकाला त्यांची बायको मृणालिनी असे.

"हॅलो बेसमेंट, किचन बोलतंय. भेंडी खाली लागलीय."

"आवाज खरखरतोय का?"

"भेंडीचा की तुमचा?"

आठ वर्षांत घरात आलेला प्रत्येक टेलिफोन असा तपासला गेला.

मृणालिनी दर दसऱ्याला घरातली हत्यारं पुजायची. स्क्रूड्रायव्हर, इस्त्री, गाडीची किल्ली. गेल्या वर्षी तिने त्यांच्या शेजारी टाइप ९२ नावाचा एक टेलिफोनही ठेवला आणि पाण्यात कालवलेलं कुंकू झाकणावर बोटाने लावलं. झाकणाचं वॉर्निश कधीच उडालेलं होतं.

"अगं, ओरिजिनल लाकूड आहे ते!" राजाराम ओरडले.

"तुम्हीच म्हणता ना युद्धातला आहे? मग हत्यारच की. इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्याला कुणी साधं फूल तरी वाहिलंय का?"

राजारामांनी ओलं फडकं घासलं. डाग पसरला आणि लाकडात मुरला. टेलिफोन मागच्या फळीवर गेला. जानेवारीत मृणालिनी आजारी पडली, मार्चमध्ये गेली. त्यानंतर त्या घरात एकही टेलिफोन तपासला गेला नाही.

वॉल्टर दहाला आला. सत्तरीचा, सैन्यात टेलिफोनच्या तारा ओढलेला माणूस. टेबलावरचे टेलिफोन त्याने झरझर बघितले आणि थेट मागच्या फळीवरचा टेलिफोन उचलला.

"याची जोडी टेबलावर आहे. एकच कारखाना, एकच वर्ष. मी त्यासाठीच आलोय." त्याने झाकणाला बोट लावलं. आवाज खाली आला. "रक्त आहे का हे?"

हो म्हटलं असतं तर वॉल्टरने तो डाग काचेआड जपला असता.

"नाही. कुंकू आहे. माझ्या बायकोने पूजा केली होती."

"अच्छा!" वॉल्टर मोकळा हसला. "मग काही प्रॉब्लेम नाही. बारीक सँडपेपर मारला की निघेल. माझ्यावर सोडा."

राजारामांनी पेटी त्याच्या हातातून काढून घेतली.

"हा नाही."

"मग त्याच्या जोडीदाराचं मी काय करू? दोन्ही द्या, नाहीतर दोन्ही ठेवा. जोडी कशाला फोडता?"

मुलगी वीणा जिन्यात खोका घेऊन उभी होती. "बाबा, दोन्ही ठेवा ना. माझ्याकडे दोन मावतील. सीरियसली."

"दोन ठेवले तर तपासावे लागतील," राजाराम म्हणाले.

वॉल्टरने थोडं कुरकुरत बाकीचे सगळे टेलिफोन स्टेशन वॅगनमध्ये भरले. जोडीदार शेवटी गेला, ब्लँकेटमध्ये गुंडाळून. निघताना त्याने राजारामांशी हात मिळवला आणि आपला नंबर दिला. "त्या टेलिफोनला कधी जोडीदार हवा असला तर कळवा."

दुपारी राजारामांनी भिंतीवरची तार खिळ्याखिळ्याने सोडवली आणि गुंडाळली. डागाचा टेलिफोन किचनच्या ओट्यावर ठेवला. वीणाने हँडल फिरवून पाहिलं. घरघर झाली, बाकी काही नाही.

"बाबा, हा वाजत का नाही?"

"इथलं हँडल फिरवलं की पलीकडची घंटा वाजते."

संध्याकाळी वीणा स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ हिवाळ्यासाठी एक तास मागे करू लागली. हे काम दरवर्षी मृणालिनीचं असायचं.

"उद्या एक तास जास्त झोपा हं, बाबा."

"बघू," ते म्हणाले. टेलिफोनचे सेल त्यांनी सकाळीच काढले होते. सगळ्यांचे, ओट्यावरच्या या एकाचेही.

उद्या पहाटे दोन वाजता इलिनॉयमधली घड्याळं एक तास मागे जातील. सकाळचे सहा चाळीस, आज ते सेल काढत होते ती वेळ, उद्या तासभर उशिरा वाजतील.