टूमी अंकलचे बावीस सेकंद

ज्या माणसाच्या हातचं तुम्ही सलग आठ महिने जेवलात, त्याचं नाव तुम्हाला सांगता येईल का? माझ्या बाबांना सांगता आलं नाही. मलाही त्यांना ते विचारायचं सुचलं नव्हतं. ज्यांना सुचलं ते डेस्मंड टूमी सहा आठवड्यांपूर्वी गेले. रॅफल्स प्लेसच्या स्टेशनात मी सरकत्या जिन्यावर होते तेव्हा बाबांचा फोन आला. "अगं, वरचे टूमी गेले... दुपारीच." मागच्या माणसाला घाई होती, म्हणून मी डावीकडे सरकले. माझ्या बॅगेत चार पानं होती. ती त्यांना पुन्हा वाचून दाखवायची राहून गेली होती.

सिंगापुरात वाढलेल्या कुठल्याही प्रौढ माणसाला त्यांचा आवाज ओळखीचा वाटेल. त्यांचे आजोबा आयर्लंडमधल्या कॉर्कहून बोटीवर फिटर म्हणून आले आणि इथल्याच मुलीशी लग्न करून राहिले. नातू अठराव्या वर्षी रेडिओत लागला. आधी रेकॉर्ड लावायच्या, मग हवामान, मग बातम्या, पुढे टीव्ही आणि शाळकरी मुलांची प्रश्नमंजूषा. "टीव्हीवर गेलो आणि लोक माझ्या टायबद्दल पत्रं लिहायला लागले," ते सांगायचे. "रेडिओवर एसी बंद पडला की मी बनियनवर बातम्या वाचायचो. एक तक्रार नाही, लाह!" हे 'लाह' म्हणजे इथलं 'बरं का'. बातमी आधी मोठ्यानं वाचायची आणि स्टॉपवॉच लावून मोजायची, ही त्यांची जन्माची सवय. निवृत्त झाल्यावर ते आमच्या इमारतीच्या लिफ्टचे सेकंद मोजायचे, आमच्याकडे आले की आईची मोहरी तडतडायला किती सेकंद लागतात तेही मोजायचे. माझ्या आजोबांनी गोदी कामगारांची पत्रकं लिहिण्यात हयात घालवली, मी वाचायला शिकले तीही त्या पत्रकांवरच. हे कळल्यापासून टूमी अंकल मला 'मिस पॅम्फ्लेट' म्हणत. "काय मिस पॅम्फ्लेट, आज कुणाला खुर्चीवरून उतरवलं?" लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर.

काही महिन्यांपूर्वी खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, आम्ही तिघं कॉफी पिताना बाबांनी त्यांना आपल्या तरुणपणच्या जहाजाची गोष्ट सांगितली. बाबा तेव्हा फोर्थ इंजिनियर होते. जहाज इथल्या एका यार्डात दुरुस्तीला लागलं होतं, इंजिनरूमला आग लागली, तिघं गेले. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. तो खाली दोघांना चहा द्यायला गेला होता, तोही त्यात सापडला. बाबा वाचले, कारण भंडारीनंच हिंग आणि कोकम आणायला त्यांना लिटिल इंडियात पिटाळलं होतं. हे ऐकताना टूमी अंकलनी कप खाली ठेवला. "ती बातमी मी वाचली होती," ते म्हणाले.

नावांची चिठ्ठी त्यांच्या हातात आली होती. तीन नावं, वयं, गावं. त्यांनी वाचून मोजली, बावीस सेकंद. संध्याकाळचं बातमीपत्र नेमकं तेवढंच लांबत होतं. चिठ्ठी घडी करून खिशात गेली आणि माइकसमोर 'तीन भारतीय खलाशी' एवढंच वाचलं गेलं.

"कुणी सांगितलं होतं गाळायला?" मी उसळून विचारलं. मला एखादा साहेब हवा होता, वरून आलेला हुकूम हवा होता.

"कुणीच नाही. घड्याळ माझ्याच हातात होतं."

"आणि फुटबॉलचे निकाल?"

"सगळे वाचले."

त्या आठवड्यात मी चार पानं लिहिली. रेडिओ केंद्र, यार्ड, जहाजाची कंपनी आणि टूमी अंकल, कुणालाच सोडलं नाही. आणि तोंडावर बोलायची हिंमत हवी, म्हणून त्यांच्याच खोलीत जाऊन वाचली. तोवर ते अंथरुणाला खिळले होते, नाकात ऑक्सिजनची नळी होती. त्यांनी स्टॉपवॉच दाबलं आणि डोळे मिटून ऐकलं. "सहा मिनिटं दहा सेकंद," ते शेवटी म्हणाले. "जोरदार. मला झोडपलंयस तेही बरोबर. आता सांग, त्या तिघांची नावं कुठल्या पानावर आहेत?"

कुठल्याच पानावर नव्हती. 'शोषित' हा शब्द सात वेळा होता, नाव एकही नव्हतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं. ज्या गुन्ह्यासाठी मी एका म्हाताऱ्या, आजारी माणसाला त्याच्या बिछान्याशी उभी राहून जाब विचारत होते, तोच मी चार पानं भरून केला होता... आणि माझ्यावर तर वेळेचीही सक्ती नव्हती.

"कॉर्कला मी एकदाच गेलो," ते थांबत थांबत म्हणाले. "तिथल्या एका म्हातारीनं माझ्या आजोबांचं नाव सांगितलं, त्यांच्या बापाचं सांगितलं, बापाच्या घोड्याचंसुद्धा. घोड्याचं! आणि मी... ती चिठ्ठी पँटबरोबर धुतली गेली. दोघं आठवतात. दत्ताराम पावसकर, दापोली. सलीम मुकादम, राजापूर. तिसरा काही केल्या आठवत नाही. वडलांना विचार. मग ये आणि पुन्हा वाच."

मी घरी येऊन बाबांना ती दोन नावं सांगितली आणि तिसरं विचारलं. ते दोघं इंजिनरूममधले, म्हणजे तिसरा भंडारी.

"भंडारीच म्हणायचो गं आम्ही त्याला."

"ते त्याचं काम झालं, बाबा."

"वेंगुर्ल्याकडचा होता. कोळंबीचं सुकं असं करायचा की..." बाबा उठून मोरीत गेले आणि धुतलेला कप पुन्हा धुवू लागले. जहाजावर माणसाला त्याच्या कामाच्या नावानं हाक मारायची रीतच आहे. ती वाईट हेतूनं पडलेली नाही, आणि म्हणूनच ती कुणाला कधी बोचत नाही. कंपनी कधीच बंद झाली होती. यार्डाला पत्र लिहिलं, इतके जुने कागद ठेवत नाही असं उत्तर आलं. त्या काळच्या छापील बातमीतही 'तीन खलाशी'च होते.

म्हणून मी वर गेले नाही. नाव मिळाल्याशिवाय कुठल्या तोंडानं जायचं, असं स्वतःला सांगत राहिले. तीन आठवडे रोज त्याच लिफ्टनं आले आणि रोज आमच्याच मजल्यावर उतरले. ते वाट बघत होते. ही शरम मी कुठल्याही साहेबाच्या नावावर टाकू शकत नाही.

अंत्यसंस्कारानंतर त्यांच्या मुलीनं मला ते स्टॉपवॉच आणून दिलं. सोबत एक कार्ड होतं, त्यांच्या थरथरत्या अक्षरातलं. पहिल्या ओळीत दत्ताराम पावसकर, दुसरीत सलीम मुकादम. तिसऱ्या ओळीचा फक्त आकडा घातलेला.

आता ते घड्याळ माझ्या टेबलावर असतं. सकाळी कामाला निघण्याआधी मी ते दाबते आणि त्यांच्यासारखं सावकाश, मोठ्यानं वाचते. दोन नावं, दोन गावं, चौदा सेकंद. मग घड्याळ बंद करत नाही. उरलेले आठ सेकंद चालू देते. रेडिओवरच्या माणसाला आठ सेकंदांची शांतता फार भयंकर वाटते, असं टूमी अंकल म्हणायचे. भयंकरच असते ती.

वेंगुर्ल्याच्या आसपास तुमचं घर असेल, नातलग असतील, तर एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा, सिंगापूरच्या यार्डात जळालेल्या जहाजावरून कुणाचा माणूस परत आला नाही का, जो जहाजावर स्वयंपाक करायचा, कोळंबीचं सुकं चांगलं करायचा. कळलं तर या पुरवणीच्या पत्त्यावर पत्र टाका. मोठं पत्र नको. त्याचं नाव लिहा.