घोरणं थांबलं की कपिला हंबरायची

मंडळी, भूतबित मी कधी मानलं नाय. भुतानं मला धरलं तर त्याचंच नुकसान... अंगावर नुसती हाडं! शाळा तिसरीत सुटली, तवा चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

आमचा झेंडूचा मळा देवळाली कॅम्पच्या पल्याड. तिकडं मिल्ट्रीच्या तोफांचा सराव चालतो, पण आमची गाय कपिला कानसुद्धा हलवत नाय. तीच कपिला गेल्या साली मी झोपलो की हंबराय लागली. मी पडवीत, ती शेजारी गोठ्यात. आई म्हणली, "मुक्या जनावराला दिसतंय काहीतरी. इकून टाक." लिंबू बांधलं, अंगारा लावला... शेवटी गिऱ्हाईक पण ठरलं.

मी आपला मिशीला पीळ देऊन सांगायचो, "घोरतो म्हंजे झोप पक्की!" पक्की कसली? फुलबाजारात झेंडू तोलता तोलता पेंगायचो. एकदा तर गिऱ्हाइकाच्याच खांद्यावर डोकं टेकवून घोरलो.

एका दुपारी मी पडवीत आडवा, बायको समोर लसूण सोलत बसलेली. जाग आली ती तिच्या धपाट्यानं.

"अहो, गाय नका इकू! तुम्हालाच दवाखान्यात न्यायला पायजे. तुमचं घोरणं थांबतं, श्वासच बंद पडतो... तवाच ती हंबरती. मग तुम्ही दचकून श्वास घेता."

"हॅट! ते जाड्या माणसांचं दुखणं."

"बारीक माणसाला नरडं नसतं का?"

नाशकातले डॉक्टर पण तेच बोलले, आन् तपासणीला रातभर तिथंच झोपवलं. अंगभर वायरी... जत्रेतला लायटिंगचा खांब जणू! सकाळी डॉक्टर म्हणले, "झोपेत श्वास सारखा थांबतोय. मशीन लावावं लागेल. अन् गाईचं म्हणाल, तर घोरणं थांबलेलं तिला ऐकू येत असेल. जनावराचे कान तिखट असतात."

मला पटलं. विषय मिटला.

तेवढ्यात बायकोचा फोन. "तिकडं काय झालं ओ तुम्हाला? कपिला रातभर हंबरत होती..."

मी फोन डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं, चष्मा पुसला आन् एवढंच म्हणले, "गाय विकू नका."

नाय इकली. आता मी नाकाला नळी लावून हत्तीवानी झोपतो, ती गुमान रवंथ करती. पण त्या राती मी नाशकात, ती मळ्यात... तिला कळलं कसं? डॉक्टरांना ठाऊक नाय, आईला ठाऊक नाय. मला तर विचारूच नका — मी झोपलो होतो!